अडतीस फेऱ्या

मला माझ्या गणिताचा गर्व होता. थोडाथोडका नव्हे, चांगला तीन वह्या भरून. बोट धक्क्याला लागताना दणका सोसणाऱ्या रबरी गाद्यांवर मी पीएचडी केली. संगणकात रबराचे हजारो बारीक तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकडा किती दबेल याचा अंदाज करायचा आणि चुकला की सुधारायचा, अशा फेऱ्या उत्तर येईपर्यंत. किती सुधारायचा हे कळायला डेरिव्हेटिव्ह, म्हणजे बदलाच्या दराची सूत्रं लागतात. ते मी हातानं काढले, माझ्या गाईड सरांनी पानन् पान तपासलं. त्याच आकड्यांवरून सरांनी किनाऱ्यावरच्या एका धक्क्याला गाद्यांची जाडी सुचवली आणि गाद्या बसल्यासुद्धा.

आता मी रत्नागिरीत घरी बसून एका कंपनीचं काम करते. मध्यंतरी त्यांनी एक नवं साधन पाठवलं. त्याला रबराच्या ऊर्जेचं सूत्र तेवढं द्यायचं. डेरिव्हेटिव्ह ते स्वतः काढतं, वर प्रोग्रॅमही लिहून देतं. मला रागच आला. माझी तीन वर्षं आणि याचं एक मिनिट! त्याची खोड मोडावी म्हणून मी माझं जुनं गणित त्याला घातलं. गडी पाच फेऱ्यांत उत्तराला पोचला. माझ्या प्रोग्रॅमला अडतीस लागायच्या आणि आम्ही गुरु-शिष्य त्याचं खापर कॉलेजच्या संगणकावर फोडत आलो होतो.

दोन दिवस मी त्या साधनाची चूक शोधली. सापडली माझीच. दुसऱ्या वहीत मी सूत्रातलं एक पद गाळलं होतं आणि त्याच पानावर सरांची बरोबरची खूण होती. धक्क्यावरच्या गाद्यांचं काय?

तसा तत्त्वतः धोका नव्हता. चूक होती ती अंदाज सुधारण्याच्या भागात. उत्तर आलं की नाही हे ठरवणारा भाग ठीक होता. म्हणजे उशीर होणार, उत्तर चुकणार नाही. पण माझं कागदावरचं गणित नुकतंच तोंडावर पडलेलं. मी धक्क्याची सगळी उदाहरणं नव्या प्रोग्रॅमवर पुन्हा चालवली. आकडे जुळले. मग एस.टी.नं देवरूखला सरांच्या घरी गेले.

"काय गो, वाट चुकलीस?" सर हसत म्हणाले. मी सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. "अगो, तिथं रोज बोटी लागतात."

मी लॅपटॉप उघडून दोन्ही प्रोग्रॅम त्यांच्यासमोर चालवले. अडतिसाव्या फेरीला तोच आकडा आला. सरांनी चष्मा काढून डोळे पुसले, मग खो खो हसले आणि आतल्या बाजूला चहा सांगितला.

निघताना त्यांनी विचारलं, "आणि आकडे जुळले नसते, तर आली असतीस?"

"आले असते, सर," मी लगेच म्हटलं.

त्यांनी मान डोलावली आणि फाटकापर्यंत सोडायला आले. गाडीत बसल्यावर मला लाज वाटली. चूक सापडली त्या दिवशीही देवरूखच्या गाड्या सुटत होत्या. मी गेले ती पंधरा दिवसांनी, सगळं जुळल्यावर.