डायनिंग टेबलावरचं लॉकआउट

माझ्या वडिलांना, म्हणजे आमच्या अण्णांना, कॉम्प्युटर म्हणजे कारखाना वाटतो आणि आतली सिस्टीम म्हणजे मॅनेजमेंट. विंडोज बरी की लिनक्स, असा विषय निघाला की बाकीचे लोक स्पीड सांगतात, किंमत सांगतात. अण्णा विचारतात, "कामगाराला वागवते कशी?" आणि मग तुमची सुटका नाही. चहा गार होतो, ऐकणारा घायकुतीला येतो, पण जुन्या युनियनवाल्या अण्णांची गेट मीटिंग काही संपत नाही.

निगडीच्या आमच्या फ्लॅटमध्ये अशा दोन मॅनेजमेंट नांदत होत्या. एक हॉलमधल्या जुन्या डेस्कटॉपात. तो चालू व्हायला इतका वेळ लावायचा की आई बटण दाबून कुकर लावायला जायची आणि शिट्ट्या झाल्या की परत यायची. शेवटी वैतागून मी त्याच्यावर लिनक्स टाकलं, फुकट होतं म्हणून. अण्णांनी विचारलं, "मालक कोण ह्याचा?" म्हटलं, "कुणीच नाही. जगभरातली माणसं थोडं थोडं काम करतात आणि सगळ्यांना वाटून टाकतात." अण्णा खुर्चीतून उठलेच. "मालकच न्हाई? कामगारांनी चालवलेला कारखाना?" चाळीस वर्षं पिंपरीत काढली, तरी आनंद झाला किंवा संताप आला की अण्णांच्या तोंडी साताऱ्याकडचं गाव येतं. त्या दिवशी त्यांनी खाली जाऊन सोसायटीच्या वॉचमनलाही ही बातमी दिली. फक्त त्या कारखान्यात आमचा प्रिंटर चालेना. "मालक नसला की असंच," आई म्हणाली, आणि अण्णांनी दोन दिवस तिच्याशी अबोला धरला.

दुसरी मॅनेजमेंट माझ्या ऑफिसच्या लॅपटॉपात. मी चाकणला, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत प्लॅनिंगला होते, काँट्रॅक्टवर. आठवड्यातले काही दिवस घरून काम. लॅपटॉप विंडोजवाला. संध्याकाळी बंद करायला गेलं की पडद्यावर यायचं, अपडेट चालू आहे, बंद करू नका. अण्णांचा तिळपापड. "शिफ्ट संपली ना? मग? हा सरळसरळ सक्तीचा ओव्हरटाइम हाय!" रावेतला माझ्या मामेभावाकडे मॅक आहे. तोही त्यांनी एकदा उलटसुलट करून पाहिला आणि निकाल दिला, "कँटीन झकास, युनिफॉर्म झकास. पण पाहुण्याला आत घेत न्हाईत." अण्णांचा पेनड्राइव्ह त्याला कुठूनच बसत नव्हता.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं, तोवर माझा पर्मनंट होण्याचा इंटरव्ह्यू आला. आमच्या घरात मुलीच्या लग्नाला उशीर झालेला चालतो, पर्मनंट व्हायला झालेला चालत नाही. माझी तीन वर्षं 'पुढच्या वेळी बघू' ऐकण्यात गेली होती. यंदा जागा एकच. इंटरव्ह्यू ऑनलाइन, दुपारी, आणि हुकला तर जागा दुसऱ्याला.

त्या सकाळी मी अंघोळीला गेले. लॅपटॉप डायनिंग टेबलावर होता. अण्णांना वाटलं, पोरीला आयता चालू करून ठेवावा. पडद्याने पासवर्ड मागितला. अण्णांनी घरच्या डेस्कटॉपचा घातला. चालला नाही. आता, डेस्कटॉपचा कीबोर्ड जुना, त्याची बटणं ठोकावी लागतात. म्हणून अण्णांनी तोच पासवर्ड जरा जोरात घातला. मग आणखी जोरात. मी केस पुसत बाहेर आले, तर अण्णा पांढरेफटक पडलेले.

"तुझ्या कंपनीत लॉकआउट झालंय," ते म्हणाले.

अण्णांचं इंग्रजी बेताचंच, पण चार्जशीट, सस्पेन्शन, लॉकआउट हे शब्द ते झोपेतही वाचतील. पडद्यावर खरंच तसं लिहिलं होतं, तुमचं अकाउंट लॉक आउट झालं आहे.

"अहो अण्णा, टाळं कंपनीला नाही, मला लागलंय! मला एकटीला!" मी किंचाळले. कप्पाळ माझं! ते तर त्यांना जास्तच झोंबलं. "एकट्या कामगाराला लॉकआउट? हे बेकायदेशीर हाय!"

तासाभरात रहाटणीहून त्यांच्या जुन्या कंपनीतले दोन सोबती स्कूटरवरून हजर. आईने त्यांना चहा दिला. त्यातल्या एकाने सोफ्यावर बसल्या बसल्या मूठ वर करून घोषणा सुरू केली, तीही कुजबुजत, कारण शेजाऱ्यांचं तान्हं बाळ झोपलं होतं. मी डेस्कटॉपवर इंटरव्ह्यूची लिंक उघडून पाहिली. लिंक उघडली, पण आत जायला अकाउंट तेच आणि टाळंही तेच. "म्हणजे आतून हे सगळे एकच," अण्णा हताश होऊन म्हणाले आणि डेस्कटॉपपुढच्या खुर्चीत बसले. मला रडू फुटलं. तीन वर्षं मरमर केली आणि घरच्या माणसानेच गेट लावून घेतलं, असं मी बोलूनही गेले.

कंपनीच्या हेल्पडेस्कचा फोन मघापासून एंगेज होता, तो एकदाचा लागला आणि मी स्पीकरवर टाकला. पलीकडची बाई भली होती. म्हणाली, "उघडते मॅडम, पण आधी एक हमीपत्र भरावं लागेल. तुमच्या घरच्या मेलवर लिंक टाकते."

"तुम्ही पर्मनंट आहात का?" अण्णांनी मध्येच विचारलं.

"नाही हो काका, मी पण काँट्रॅक्टवरच."

"अण्णा, गप्प बसा!" मी ओरडले.

लिंक डेस्कटॉपवर उघडली. अण्णा खुर्चीतून हलेनात. "वाच. मराठीत सांग." मी सांगितलं. माझ्याकडून नियमांचा भंग झाला आहे. यापुढे असं होणार नाही. चांगल्या वर्तणुकीची हमी देते.

मी शाळेत असताना अण्णांच्या कंपनीत खरंखुरं लॉकआउट झालं होतं. बऱ्याच महिन्यांनी गेट उघडलं, तेव्हा तिथे ह्याच मजकुराचा कागद ठेवलेला होता. सही करा आणि आत या. अण्णांनी केली नाही. "मी गुन्हा केलेला नाही," एवढंच म्हणाले आणि घरी आले. मग जन्मभर भोसरीच्या वर्कशॉपांतून काँट्रॅक्टवर फिटर. पर्मनंट ते पुन्हा कधीच झाले नाहीत. सोफ्यावरच्या दोघांनी तेव्हा सही केली होती. ते दोघं आता आपापल्या कपात बघत होते.

"माझी पोरगी ह्याच्यावर सही करणार न्हाई," अण्णा म्हणाले. "तिनं काय केलंय? चूक माझी हाय. बाई, माझं नाव घाला."

"काका, ज्यांचं अकाउंट त्यांचंच नाव लागतं. दुसरं सिस्टीम घेतच नाही."

"कुठली सिस्टीम?" अण्णांनी विचारलं.

वेळ भराभर चालला होता. मी अण्णांच्या खांद्यावरून वाकून पहिल्या चौकटीत माझं नाव टाइप केलं. मला राग अण्णांचाच आला होता, तरी त्यांच्या डोळ्यांदेखत हे करताना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढची चौकट मधल्या नावाची. तिच्यावर लाल चांदणी होती, म्हणजे भरायलाच हवी. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं.

अण्णांनी ती चौकट बघितली. माझा हात बाजूला सारला. एका बोटाने, एकेक अक्षर शोधत, प्रत्येक बटण ठोकत त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं. आडनावही त्यांनीच लिहिलं. मग खालचं 'मान्य आहे'चं बटण दाबलं. सोफ्यावरचा एक सोबती उठून गॅलरीत गेला.

"जा, तोंड धू," अण्णा म्हणाले. "मॅनेजमेंटपुढं रडक्या तोंडानं बसायचं नसतं."

लॅपटॉपचं टाळं उघडलं. इंटरव्ह्यूत मी काय बोलले, ते आज अजिबात आठवत नाही. काही दिवसांनी मेल आला, तो मी अण्णांना डेस्कटॉपवर उघडून दाखवला. वरच माझं पूर्ण नाव होतं, मधल्या नावासकट. अण्णा पडद्याला नाक लागेल इतके जवळ गेले, वाचलं, परत वाचलं. मग स्वयंपाकघराकडे तोंड करून त्यांनी आईला हाक मारली.

"अगं ए, झालो मी पर्मनंट!"