देवाजींचा गोल शिक्का

देवाजी मेश्राम आमच्या कचेरीत गोल शिक्का सांभाळत. पितळेचा, मुठीएवढा शिक्का. त्याचा ठसा उमटला की कागद खरा. शिक्क्याच्या पेटीची किल्ली त्यांच्या जानव्याच्या जागी, असं मी एकदा गमतीत म्हणालो. "आमच्याकडे जानवं नाही, किल्लीच आहे," ते शांतपणे म्हणाले. माझं टेबल शेजारीच, पण पुन्हा तशी गंमत करायची माझी हिंमत झाली नाही.

१९७४ च्या जूनमध्ये नवा शिक्का आला. नवा आला की जुना त्याच दिवशी साहेबांसमोर छिन्नीने तोडायचा, असा नियम. पण त्याआधी एक पत्र काढायचं, त्यावर नव्याचा ठसा आणि ओळख पटवायला खाली जुन्याचा. हे पत्र सगळ्या कार्यालयांत जाई आणि त्यांच्या ठशांच्या वहीत चिकटे.

देवाजींनी नव्याचा पहिला ठसा मुलीच्या, वच्छलाच्या रहिवासी दाखल्यावर उमटवला. नर्सिंगच्या प्रवेशासाठी तो हवा होता, शेवटची तारीख दुसऱ्याच दिवशी. माणूस इतका हरखला की जुना तोडून मोकळा झाला. पत्र राहूनच गेलं! साहेब दुपारी कुहीच्या दौऱ्यावर निघून गेले.

दुसऱ्या दिवशी नर्सिंग शाळेतल्या नानाजी कारकुनांनी दाखला वहीशी ताडून पाहिला आणि परत दिला.

"देवाजी, मी तुले ओळखतो गा, पण वही हा ठसा ओळखत नाही. जुन्या शिक्क्याचं पत्र आण."

"जुना तर म्या कालच तोडला."

"मंग साहेबाची सही आण."

देवाजी सायकलने कुहीला गेले. साहेब तिथून पुढच्या गावी निघाले होते. सही घेऊन ते तिसऱ्या दिवशी परतले, तेव्हा यादी लागलेली होती. वच्छलाचं वर्ष गेलं.

"बाबा, तुमाले काहून एवढी घाई होती?" तिने विचारलं. देवाजी काही बोलले नाहीत. पुढच्या वर्षी ती नर्स व्हायला गेली, पण लग्नानंतर देवाजींच्या सक्करदऱ्याच्या घरी ती फक्त सणावारालाच येई. मला देवाजींचा राग यायचा. एक शब्द बोलायला काय जात होतं?

१९८७ मध्ये वच्छला मुलाच्या दाखल्यासाठी कचेरीत आली. देवाजी निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. नव्या कारकुनाने पेटी उघडली. झाकणाच्या आत पिवळा पडलेला कागद डकवलेला होता, अक्षर देवाजींचं:

"आधी पत्र, मगच छिन्नी. माझ्या चुकीने माझ्या पोरीचं वर्ष गेलं."

तिने तो दोनदा वाचला.

"हे कधी लिहिलं बाबांनी?"

"त्याच आठवड्यात," कागदावरची तारीख पाहून मी म्हणालो. तेरा वर्षं त्या पेटीशेजारी बसून मला झाकणाची आतली बाजू कधी दिसली नव्हती.

दाखला टेबलावरच राहिला. तो घेऊन मी फाटकापर्यंत धावलो, तोवर तिने रिक्षावाल्याला सक्करदरा सांगितलं होतं.