तळपायावरची चाचणी

वडलांना आम्ही दादा म्हणतो. पालमला घर, शाळेतली नोकरी संपलेली, साखर जुनी आणि डाव्या तळपायाला रुपयाएवढी जखम. मागच्या वर्षी एक बोट काढावं लागलं होतं. आता जखम चिघळली तर पाऊल जाईल, असं परभणीच्या डॉक्टरांनी तोंडावर सांगितलेलं. ती धास्ती घेऊनच मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत जायचे.

माझं काम अशाच जखमांसाठीचं. प्रथिनांचे बारीक तुकडे, म्हणजे पेप्टाइड, पाण्यात विरघळवायचे. त्यात एन्झाइम घातलं की ते तुकडे आपसूक एकमेकांना धरतात आणि पाण्याचं जेल होतं. बाटली उलटी धरायची, गळलं नाही की झालं. विकतच्या एन्झाइमनं ते होत होतं. चिघळलेल्या जखमेतही असंच एन्झाइम असतं, तर तिथल्या स्रावानं होईल का, हे बघायचं होतं. पण रुग्णांचे नमुने घ्यायची परवानगी वर्षभर या टेबलावरून त्या टेबलावर फिरत होती. हे रडगाणं मी दादांना रोज फोनवर ऐकवायचे. तोंड आवरणं मला कधी जमलंच नाही.

उन्हाळ्यात कॉलेजचा ट्रान्सफॉर्मर जळाला. फ्रीज बंद पडला, म्हणून नुसत्या पेप्टाइडच्या बाटल्या थर्मासात घालून एसटीनं घरी आणल्या आणि घरच्या फ्रीजमध्ये दह्याशेजारी ठेवल्या. "हे औषध नाही, कुणी हात लावायचा नाही," असं बजावून अंघोळीला गेले.

बाहेर आले तर दादा खुर्चीत, पट्टी सोडलेली, डावं पाऊल उजव्या गुडघ्यावर. शेजारी रिकामी बाटली. मला बघून त्यांनी पाऊल सावकाश पालथं केलं.

"बघ माय, उलटं धरलं तरी गळंना."

ते पाणी निर्जंतुक केलेलं नव्हतं. उंदराच्याही अंगाला ते कधी लागलेलं नव्हतं.

"आग होतीय का, दादा?"

"न्हाई. तिथं मला कायबी कळत न्हाई की."

तेच भीतीचं होतं. आत काही बिघडलं असतं तरी ते असेच हसत बसले असते.

"कशाला केलं हो हे?"

"वर्षभर कागद फिरायलेत म्हनलीस ना? म्हनलं, जखम तर घरातच हाय."

जन्मात पहिल्यांदा मी त्यांच्यावर ओरडले. जखम धुतली आणि त्यांना परभणीला नेलं. डॉक्टरांनी आधी मला झापलं, मग जखम साफ करून गोळ्या दिल्या आणि तिच्या कडेच्या लालीभोवती पेननं रेघ ओढली. लाली रेघेबाहेर गेली तर लगेच आणा, म्हणाले.

आठ दिवस रोज सकाळी मी टॉर्च घेऊन त्या पायाशी बसायचे. तिसऱ्या दिवशी लाली रेघेला टेकली, तेव्हा दिवसभर तासातासाला मी टॉर्च लावून बघत होते. दादा मात्र एकच विचारायचे, काम झालं का? मी टॉर्च रेघेवरून फिरवत राहायचे.

आठव्या दिवशी लाली आत सरली. ती गोळ्यांनी सरली, माझ्या जेलनं नाही.

"आता तरी सांग. झालं का तुझं काम?"

हवं तसंच झालं होतं. पण परवानगीवाचून झालेलं ते कुठं लिहिण्याजोगं नव्हतं.

"झालं," मी म्हणाले. त्यांचा चेहरा असा फुलला की मला पुन्हा भीती वाटली.

अजूनही फोनवर ते विचारतात, "कुठं अडलं तर न्हाई ना गं?"

"नाही दादा, सगळं सुरळीत चाललंय," मी सांगते. परवानगी अजून आलेली नाही.