साहेब मंचावर येतात तेव्हा

बारामतीच्या नाट्यस्पर्धेसाठी आमच्या इंदापूरच्या कार्यालयाने ऑफिसवरचं एक विनोदी नाटक बसवायला घेतलं आणि दिग्दर्शन माझ्या गळ्यात पडलं. नाटकातल्या साहेबाच्या भूमिकेसाठी मी आमचा ड्रायव्हर निवडला होता. खऱ्या साहेबांनी यादी वाचली, त्याचं नाव खोडलं आणि स्वतःचं लिहिलं. या माणसाला फायलीवर सही करायला महिना लागायचा, मानाच्या जागेवर बसायला मात्र क्षणही लागत नसे. मला तो तेव्हाही आवडत नव्हता, आजही आवडत नाही.

सगळा विनोद एकाच प्रसंगात होता. साहेब आत येतात आणि एकही कारकून मान वर करत नाही. एक पेपर वाचत राहतो, एक शेंगा सोलत राहतो. साहेब तालमीला कधी फिरकलेच नाहीत. त्यांच्या जागी ड्रायव्हरच उभा राहायचा आणि प्रसंग झकास व्हायचा.

प्रयोगाला साहेब मंचावर आले आणि चारही कारकून ताडकन उभे राहिले. शेंगा मंचभर सांडल्या. प्रेक्षकांतल्या आमच्या ऑफिसच्या दोन रांगाही उठल्या. साहेब खूश होऊन म्हणाले, "बसा, बसा." हे वाक्य नाटकात नव्हतं.

पडदा पडल्यावर मी विंगेतच सगळ्यांना फैलावर घेतलं. लाचार म्हणालो, त्याहून वाईटही बोललो. शेंगा सोलणारे म्हातारे कारकून, आमचे आबा, शांतपणे म्हणाले, "आमाला बोलताय व्हय? तुमी तर हितं खुर्चीवर बसला व्हता. मागं बघा."

माझी खुर्ची उलटी पडली होती.