बुकित तिमाच्या वाटेवर सांडलेले फुटाणे

सिंगापूरला उतरले ती मुळी ताईला परत न्यायचं ठरवूनच. दाजी गेल्यावर ती मुलाकडे, मिलिंदकडे, थोडे दिवस म्हणून आली, ती तिथलीच झाली. साताऱ्याचं तिचं शेजारचं घर झाडून झाडून मी कंटाळले होते. खरं सांगायचं तर तिच्यावाचून मला करमत नव्हतं.

बिशान भागातल्या त्या उंच फ्लॅटमध्ये माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. मिलिंद सकाळीच बँकेत, सूनबाईही कामावर. मी खिडकीशी जायची, परत यायची आणि विचारायची, "ताई, कधी निघायचं?"

"शनिवारी आमचा डोंगर तर बघ," ती म्हणायची.

डोंगर म्हणजे बुकित तिमा (बुकित म्हणजे मलय भाषेत टेकडी). देशातला सर्वांत उंच म्हणे, आणि राखीव जंगल! अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वाढलेल्या मला हसू आवरेना. शनिवारी निघताना मी घरून आणलेले फुटाणे पिशवीत घेतलेच. साताऱ्याला आम्ही दोघी दर शनिवारी यवतेश्वरच्या घाटात माकडांना फुटाणे घालायचो. मारुतीचा वार चुकवायचा कसा?

ताई बसमध्ये भराभर चढली, कार्ड टेकवलं, माझ्यासाठी जागा धरली. ही बाई साताऱ्याच्या स्टँडवरही कधी एकटी गेली नव्हती. वाटेत तिने हॉकर सेंटरमध्ये (खाण्याच्या गाळ्यांच्या बाजारात) काया टोस्ट खायला घातला. नारळाचा गोड मुरंबा लावलेला पाव. आवडला, पण मी कबूल केलं नाही.

डोंगराच्या वाटेला लागलो आणि शहर गपकन मागे पडलं. घामाने पदर अंगाला चिकटला. भरदिवसा किडे कर्कश ओरडत होते. झाडं इतकी उंच की शेंडे दिसेनात. मी पुढे पळत होते, ताई मात्र प्रत्येक खोडापाशी थांबून मान वर करायची.

"काय हरवलंय तुझं?"

"कोलुगो शोधतेय. कातडीची झोळी पसरून या झाडावरून त्या झाडावर तरंगत जातो. दिवसा खोडाला चिकटून झोपतो. अजून एकदाही दिसला नाही गं."

"म्हणजे तो दिसेपर्यंत यायची नाहीस?"

ती हसून पुढच्या खोडाकडे वळली. माझा जीव आणखी टांगणीला लागला.

माथ्यावर उंची कोरलेला मोठा दगड होता. त्याच्याशेजारी फोटो काढून उतरलो. खाली मोटारींच्या रस्त्याशी माकडं बसली होती.

"पिशवी आत ठेव. इथे खायला घालायला बंदी आहे," ताई म्हणाली.

"शनिवार आहे," म्हणत मी मूठभर फुटाणे टाकले.

"आंटी, डोन्ट फीड लाह!" फिरायला आलेले एक चिनी आजोबा तिथल्या ढंगाच्या इंग्रजीत ओरडले. तोवर एका माकडाने पिशवी ओढली आणि फुटाणे रस्ताभर सांडले. पोटाशी पिल्लू धरलेली माकडीण भर रस्त्यात उतरली. मोटारीचा ब्रेक करकचून लागला. ती कशीबशी उडी मारून सुटली.

ताई संतापली. "हातातलं खायची सवय लागली की जंगल सोडून रस्त्यावर येतात. मग गाडीखाली तरी जातात, नाहीतर पकडून नेतात!"

आजोबांनी वाकून फुटाणे गोळा करायला घेतले. आम्हीही वाकलो. वेचता वेचता ताई हळू आवाजात म्हणाली, "सुमे, माझंही तसंच होत होतं गं. तुझे दाजी होते तोवर त्यांनी केलं, मग तू. दूध तू आणायचीस, बिलं तू भरायचीस, डॉक्टरकडे तू न्यायचीस. मायेनेच, मला का कळत नाही? पण इथे दिवसभर घरात कुणी नसतं. पहिल्यांदा एकटी इथवर आले ना, त्या दिवशी आनंदाने रडले. मी नाही यायची आता."

मला राग आला, रडूही आलं. परतताना बसमध्ये मी मुद्दाम तिच्यापासून लांबच्या बाकावर बसले.

साताऱ्याला आल्यावर पहिल्याच शनिवारी यवतेश्वरला गेले. हातात सवयीचे फुटाणे होतेच. माकडं कठड्यावर ओळीने बसून माझ्या मुठीकडे बघत होती. तेवढ्यात मोबाईल वाजला.

"सुमे, कोलुगो दिसला गं! पोटाशी पिल्लू आहे! एकटीच आहे इथे, कुणाला सांगू कळेना!"

"सांभाळून उतर," माझ्या ओठांवर आलं होतं. ते गिळलं.

"सांग ना," मी म्हटलं, "कुठल्या झाडावर?" आणि फुटाणे स्वतःच्याच तोंडात टाकत घाट चढू लागले.