बिब्ब्यानं काळा पडलेला अंगठा

"कापा की ताई. मला कुठं दुखायलंय?" माणिकअण्णा पाय पुढं करून बसले होते. अंगठा शेंड्यापासून मुळापर्यंत काळाठिक्कर.

कमलनगरात माझं पायांचं क्लिनिक आहे. घट्टे, कुरुपं, शुगरवाल्यांच्या जखमा हेच माझं काम. जखमेवरची मेलेली कातडी ब्लेडनं सोलायची, त्याला आम्ही डिब्राइडमेंट म्हणतो. माझी हद्द वरवरच्या कातडीपुरती. खोल गेलं की सर्जन. आणि पायाला रक्तच पोचत नसेल, तर वरच्या कातडीलाही मी ब्लेड लावायचं नाही.

अण्णांच्या अंगठ्यात तुरीचं धसकट घुसलं होतं. आमच्याकडं अशा वेळी बिब्बा तापवून त्याचं तेल सोडतात. शुगरनं पाय बधिर, त्यामुळं भाजलेलंही कळलं नाही.

"काळं बिब्ब्याचं हाय. खाली चांगलं हाय," अण्णा म्हणाले.

असेलही, म्हणून डॉपलर लावला. रक्त वाहत असलं की या यंत्रातून आवाज येतो. चांगल्या पायावर सूं-सूं आली. काळ्या अंगठ्याच्या पायावर काहीच नाही. जागा बदलून पाहिली, तरी नाही.

"अण्णा, मी हात लावणार नाही. आजच हैदराबादला रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडं जा."

"तिकडं पाय तोडतेत! मेव्हण्याचा गुडघ्यापासून काढला. जायचा न्हाई मी!"

त्यांची बायको, रुक्मिणअक्का, म्हणाली, "मागं घट्टा तुम्हीच काढला न्हाई का? मग आताच कामून न्हाई?"

मी भडकलेच. "अहो, रक्तच नाही तिथं! मी केलेली जखम भरणार कशानं? अंगठ्याचं दुखणं पायावर नेऊ का?"

अण्णांनी पाय तसाच पुढं ठेवला. मग मी डॉपलर अक्काच्या पायावर लावला. सूं-सूं ऐकून ती हसली. मग तोच डॉपलर अण्णांच्या काळ्या अंगठ्याच्या पायावर नेला. अक्का कान देऊन ऐकत राहिली. तिचं हसू मावळलं.

"उठा," ती नवऱ्याला म्हणाली. "मेव्हण्याचं मला नगा सांगू. उठा म्हनलं ना!"

हैदराबादला सर्जननं तुंबलेल्या रक्तवाहिनीत बारीक फुगा फुगवून ती उघडली. अंगठा गेला, पाय राहिला. महिने लागले, पण जखम भरली.

आता अण्णा बाजारात भेटेल त्याला सांगतात, "ताई लई भित्री हाय बगा. ब्लेड हातात घेऊन बी कापंना." सांगोत बापडे. दोन्ही पायांवर उभे राहून सांगतात, तोवर माझी काही तक्रार नाही.