पडद्यावरचा माझा आवाज

वीसएक वर्षं नाटकं केली, पण कॅमेऱ्यापुढे मी बोलले ते फार तर नर्स म्हणून "डॉक्टर येतायत" एवढंच. नवरीची मावशी झाले तेव्हा तेही नाही. लातूर-नांदेडात राहून नटी होणं म्हणजे असंच असतं. स्पर्धेच्या नाटकात मुख्य भूमिका, सरकारी योजनांच्या पथनाट्यात सरपंचबाई, आणि मुंबईच्या मंडळींनी बोलावलं की गर्दीत उभं राहायचं. त्यामुळे औशाजवळ शूटिंगला आलेल्या एका सिनेमात चांगला दोन पानांचा सीन मिळाला, तेव्हा आनंद कमी झाला आणि धडकीच जास्त भरली.

बेपत्ता लेकीची आई पोलीस ठाण्याच्या पायरीवर बसून राहते, एवढाच सीन. संवाद मात्र कुठल्याच गावात कुणी बोलत नाही असे लिहिलेले. आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ते माझ्याकडून वाचून घेतले आणि म्हणाले, आपल्यासारखं बोल. आण्णा एसटीत कंडक्टर होते आणि सुटीच्या दिवशी निलंग्याच्या आसपासच्या वस्त्यांवर भीमजलशात गायचे, तेही माइकशिवाय. माझ्या तालमीला ते मागच्या रांगेत बसत आणि शब्द पोचला नाही की खोकत. पुढे काचबिंदूने त्यांची नजर गेली. तेव्हापासून मी त्यांच्यासाठी नुसता आवाज आहे.

शूटिंगला मी आण्णांनी बसवून घेतलं तसंच बोलले. "साहेब, लेक आली न्हाई अजून. सकाळपासून इथंच बसून हाय मी." दिग्दर्शक खूश झाले. पण बाजूच्या रस्त्यावरून उसाचे ट्रॅक्टर मोठ्यानं गाणी लावून चालले होते, त्यामुळे माझं बोलणं नंतर स्टुडिओत पुन्हा भरायचं ठरलं. डबिंगला बोलावतो मॅडम, असं सांगून मंडळी गेली.

बोलावणं काही आलं नाही. मी फोन केला की दिग्दर्शकांचा सहायक म्हणायचा, कळवतो. एकदा बोलता बोलता तो म्हणाला की तुमची भाषा इकडे थोडी वेगळी वाटते, प्रेक्षकांना गावाकडची भाषा लागते. आता निलंगा गाव नाही तर काय न्यूयॉर्क आहे? पण हे मी फोन ठेवल्यावर बोलले. फोनवर म्हणाले, हो सर, चालेल. तोंड उघडावं तर पुढचं काम जाईल, मिटावं तर हे जाईल. दुसऱ्या कुणाचा आवाज लावलाय का, हा सरळ प्रश्न मी शेवटपर्यंत विचारला नाही, कारण उत्तराची भीती वाटत होती.

सिनेमा टीव्हीवर लागणार हे कळताच आण्णांनी गल्लीभर सांगून टाकलं. मी निलंग्याला आण्णांकडे गेले. आमच्या घरात देव नाहीत, असते तर मी ते पाण्यात घालून बसले असते. आण्णांच्या कानावर आधीच घालावं असं सारखं वाटत होतं, पण ते इस्त्रीचा सदरा घालून, दाढी करून तयार बसलेले. त्यांच्यापुढे माझी जीभ रेटेना. कदाचित माझाच आवाज असेल, असंही मन मधूनच म्हणायचं.

दुपारी शेजारच्या बाया येऊन बसल्या. सिनेमा सुरू झाला. जाहिरात लागली की मला बरं वाटायचं. मग ठाण्याची पायरी दिसली आणि बाया एकदम म्हणाल्या, आली, आली. आण्णांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि कान टीव्हीकडे वळवला.

पडद्यावर माझे ओठ हलले. आतून दुसरीच कुणी तरी बोलली, "सायेब, माझी पोर अजून आली न्हाय वं. सकाळधरनं हितंच बसलीया." आवाज गोड होता. बायकांना काहीच खटकलं नाही, एकीने तर डोळ्यांना पदर लावला. मी आण्णांकडे बघत होते. त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"हे तर तुझ्या वाट्याचं बोलणं हाय," ते म्हणाले. "ही कोण बोलायलीय?"

"मीच, आण्णा."

"न्हाई. तू न्हाईस."

डोळे पुसणारी बाई समजुतीनं म्हणाली, "काका, तीच हाय की. समोर दिसायलीय ना."

"तुम्हाला दिसत असंल," आण्णा म्हणाले, आणि टीव्हीतून माझा आवाज येण्याची वाट बघत तसेच कान देऊन बसले. तोवर पुढचा सीन सुरू झाला होता. त्यात मी नव्हते.